हिजहर मास्तर

त्या माणसाशी माझं पहिलं भांडण तांब्यावरून झालं, तेही एका खोलीत राहायला लागून आठवडा उलटायच्या आत.

बीडला एका मावशींच्या घरी आम्ही दोघं मास्तर भाड्यानं राहायचो. मी हिशेबाचा, ते इंग्रजीचे. दोघांचे तांबे एकाच तांबटाकडचे, दिसायला अगदी सारखे. एकदा त्यांनी चुकून माझा तांब्या तोंडाला लावला आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्याची वस्तू आपली समजलो म्हणजे सर्वनाम चुकलं, असं त्यांचं म्हणणं. लगोलग तांबटाकडे जाऊन त्यांनी आपल्या तांब्यावर इंग्रजीत ठळक अक्षरं कोरून आणली, 'माइन'. म्हणजे 'माझा'.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेमका तोच तांब्या उचलला आणि परसाकडे निघालो.

"अहो! अहो! वाचता येत नाही का तुम्हाला? काय लिहिलंय त्याच्यावर?"

"माइन," मी म्हणालो. "वाचतोय कोण? मी. मग तांब्या कुणाचा? माझाच की!"

ते ताडकन उठले. मग धोतर सावरत तसेच तांबटाकडे गेले आणि खाली आणखी कोरून आणलं, 'नॉट युअर्स'. मी म्हटलं, हेही मीच वाचतोय, आणि तुम्हालाच सांगतोय की तांब्या तुमचा नाही. बिचारे खाटेवर बसून राहिले. शेवटी मावशींनी माझ्या तांब्याच्या गळ्याला काथ्या बांधला आणि कटकट मिटवली. मावशींना इंग्रजी येत नव्हतं हे फार बरं होतं.

ते नगरकडचे. इंग्रजी मुलूख सोडून आमच्या निजामाच्या मोंगलाईत का आले, कुणाला ठाऊक. आमच्या सरकारी शाळेत सगळं शिकवणं उर्दूत, घरी पोरं मराठी बोलणार, आणि त्यात दिवसातून एक तास इंग्रजीचा. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "तिकडे आपल्याला इंग्रजी येतं असं प्रत्येकाला वाटतं. इथे येत नाही हे कबूल तरी करतात." अंगानं काटकुळे, कोट गळ्यापर्यंत बंद, मे महिन्यातसुद्धा. जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ एकच, माणसांना 'कुणाचं' हे धड सांगता येत नाही, अशी त्यांची खात्री होती.

इंग्रजीत षष्ठी करताना शब्दाच्या डोक्यावर जो स्वल्पविराम टांगतात, त्याला ते 'मालकीची खुंटी' म्हणायचे. मालकाच्या नावाला आधी खुंटी ठोकायची, मग तिच्यावर वस्तू अडकवायची. आता हे इंग्रजी लिहिण्यापुरतं ठेवावं की नाही? नाही! मराठी बोलतानासुद्धा 'रामाचा', 'मावशींचा' म्हणताना त्यांचं उजवं बोट आकडीसारखं वाकून हवेत टांगलं जायचं. ओळखीच्यांना सवय झाली होती, पण आठवडी बाजारात कोण ओळखणार? तिथे एका गुराख्याला त्यांनी सहज विचारलं, "ही शेळी कुणाची रे?" आणि बोट वाकवलं. तिथे बोटांनीच भाव ठरतात. गुराख्यानं दावं त्यांच्या हातात दिलं. हे गयावया करायला लागले, तशी चार माणसं गोळा झाली आणि म्हणाली, "बोट दावलं का न्हाई तुमी? मग आता मागं कावून सरता?" शेळी घरी आली. मावशी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मास्तर मात्र रोज शेळीपुढे उभे राहून 'इट्स टेल, इट्स हॉर्न्स' करायचे. दूध काढायचं त्यांना कधीच जमलं नाही.

त्या 'इट्स'वरूनही एकदा पंचाईत झाली. ते शिकवत होते की नावाला खुंटी लागते, सर्वनामाला लागत नाही, आणि जनावराच्या 'इट्स'ला तर मुळीच लागत नाही. पाठीमागून एक धनगराचं पोरगं उठलं. "मास्तर, मान्साला खुंटी लागती आन् जनावराला न्हाई? आमच्यात तर उलटं हाय. जनावराला खुंटी नसली तर ते ऱ्हाईल का जाग्यावर?" सगळा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. घरी येऊन मला म्हणाले, "पोरगा बरोबर बोलतोय हो. ही इंग्रजांचीच चूक आहे." पुढचे दोन-चार दिवस इंग्रजांवर ते खरोखर नाराज होते.

आमचे हेडमास्तर हैदराबादचे, फार गोड आणि शांत माणूस, गालात कायम पान. त्यांची अडचण निराळी. उर्दूत अक्षराच्या डोक्यावर जवळपास तशीच खूण येते, तिला पेश म्हणतात आणि तिचा उच्चार 'उ'. त्यामुळे हेडमास्तर 'किंग्स' हा शब्द 'किंगुस' असा वाचायचे आणि त्यांचं ऐकून सगळी शाळा 'किंगुस' म्हणायची. मास्तरांनी समजावलं की साहेब, हा पेश नाही, ही मालकी आहे. हेडमास्तर पान चघळत म्हणाले, "मालकी हवेत लटकवायची? जमिनीवर नाही ठेवत तुमचे लोक?" मास्तरांनी खोलीवर येऊन राग माझ्यावर काढला.

पण खुंटी परवडली. त्यांचा जीव खरा खाल्ला तो 'हिज' आणि 'हर'नं. मराठीत कसं, रामाची बहीण. बहीण बाई, म्हणून 'ची'. सीतेचा भाऊ. भाऊ गडी, म्हणून 'चा'. आपली पोरं हाच हिशेब इंग्रजीत लावायची. बहीण बाई ना? मग राम अँड हर सिस्टर! भाऊ गडी ना? मग सीता अँड हिज ब्रदर! मास्तर कपाळ बडवून घ्यायचे. "अरे मेल्या, रामाला लुगडं नेसवलंस! अरे, सीतेला मिशा फुटल्या! मराठी मालाकडं बघते रे, इंग्रजी मालकाकडं बघतं! वस्तू बाई का बुवा, इंग्रजीला देणंघेणं नाही. मालक कोण ते सांग!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही झोपेतून उठवून विचारा. पोरांनी त्यांचं नावच हिजहर मास्तर पाडलं, आणि पुढे सगळं गाव तेच म्हणायला लागलं.

शेवटी त्यांनी घोकंपट्टीचा उपाय काढला. आपण मराठीत विचारायचं, पोरांनी एका सुरात ओरडायचं. "मुलगी. तिचा भाऊ?" "हर!" "तिचं घर?" "हर!" "तिची गाय?" "हर!" पोरांना मजा वाटली. मास्तरही रंगात आले आणि भरभर विचारायला लागले. शाळेच्या खिडक्यांतून नुसतं "हर! हर! हर! हर!" रस्त्यावर पडायला लागलं. लोक थबकले. देवळातून निघालेल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडून वर "महादेव!" अशी भर घातली. आता मुलूख निजामाचा. कोतवालीचा जमादार लाठी घेऊन धावत आला, त्याच्या मागे दोन शिपाई. हेडमास्तर तोंडातलं पान सांभाळत बाहेर आले, वर्गात डोकावले आणि म्हणाले, "मास्टरसाब, ये ज़बान का सबक है या जंग की तैयारी?" मग जमादाराला बसवून, चहा पाजून त्यांनी इंग्रजी सर्वनामं समजावली. जमादाराला काय कळलं देव जाणे. पण त्या दिवसापासून शाळेत हुकूम निघाला, 'हर' हा शब्द एका वेळी एकदाच म्हणायचा.

असा माणूस. स्वतःच्या बापानं षष्ठी चुकवली असती तर बापालाही बाकावर उभं केलं असतं. म्हणून तर पुढे एका विहिरीपायी त्यांनी जे केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं.

चकलांब्याच्या वाटेवर एका गावी एक देशमुख होते. त्यांच्या गावच्या रस्त्याकडेला नवी विहीर बांधून झाली होती, शेजारी जनावरांसाठी हौद. रस्त्याची पाहणी करायला सरकारचा गोरा इंजिनेर येणार होता, बरोबर तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे सगळ्यांत मोठे अंमलदार. त्यांच्या समोर विहीर उघडायची आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरांचा दगड बसवायचा, असं देशमुखांच्या मनात आलं. साहेबानं वर चांगलं लिहिलं तर खिताब मिळेल ही आशा. त्यांनी शाळेत माणूस धाडला, हेडमास्तरांनी आमच्या मास्तरांना पाठवलं, आणि देशमुखांकडे पुरणपोळी असते असं ऐकल्यामुळे मीही छकड्यात बसलो.

जेवायच्या आधी हातावर पाणी घालायला देशमुखांची थोरली बहीण आली. आक्का. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, तेव्हापासून माहेरीच. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. पाणी घालता घालता हळूच म्हणाल्या, "मास्तर, येक इचारू का? इंग्रजीत बाईची इहीर आसती का?"

"असते की. का?"

"मराठीत न्हाई, म्हून इचारलं."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगून टाकलं. ती रस्त्याकडेची जागा वडलांनी आक्कांना चोळीबांगडीसाठी दिलेली, पण तोंडी. उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं त्या वाटेनं जायची आणि पाण्यावाचून कोकरं वाटेतच पडायची. ते बघवेना म्हणून आक्कांनी पाटल्या-पुतळ्या मोडून विहीर खणली. आता पाणी लागलं, तर भाऊ म्हणतोय विहीर देशमुखाची. "सायब गेला की ह्यो मोट लावतंय बगा, मोसंबीच्या बागंला. समदं पानी बागंला. मेंढरं गेली वाऱ्यावर. म्या बोलले, तर मला म्हनला, बाईचं नाव दगडावर घालत न्हाईत. आता दगडावर त्याचं चढलं की संपलंच की वो."

मास्तर जेवले नाहीत. माझं पानावरचं लक्षच उडालं त्यांच्याकडे बघून, तरी मी तीन पोळ्या खाल्ल्या.

देशमुख तसे वाईट नव्हते. पण 'माझं' हा शब्द त्यांच्या तोंडात पानासारखा कायम असायचा. बैठकीत लोडाला टेकून त्यांनी मजकूर सांगितला. इंग्रजीत मोठ्या माणसालाही एकेरीच म्हणतात हे त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी स्वतःलाच एकेरीत घातलं, "लिवा. वर मोठ्या अक्षरात, देशमुखाची. खाली, त्याची जागा, त्याचा खर्च, त्याची विहीर. बस."

मास्तर कागद घेऊन गोठ्याकडे गेले आणि बऱ्याच वेळानं आले. कोटाखाली घाम फुटलेला. कागद त्यांनी देशमुखांच्या कारकुनापुढे ठेवला. हा कारकून म्हणजे मास्तरांचाच जुना विद्यार्थी. त्यानं मोठ्यानं वाचलं, "देशमुख. हर लँड. हर वेल्थ. हर वेल."

हर! तिची जागा, तिची दौलत, तिची विहीर! मी हिशेबाचा माणूस, पण त्या घोकंपट्टीनं एवढं इंग्रजी माझ्याही डोक्यात बसलं होतं.

कारकून म्हणाला, "मास्तर, खुंटी ऱ्हायली. देशमुखाची म्हनायचं तर खुंटी पायजे. तुमी नुसतंच देशमुख लिवलंय."

"दगडावर खुंटी धरत नाही," मास्तर म्हणाले. "पाथरवटाची छिन्नी घसरते, टवका उडतो." हे त्यांनी खाली बघत सांगितलं.

"आन् हे हर म्हंजी काय?" देशमुखांनी विचारलं.

"हर म्हंजी तिची, सरकार," कारकून म्हणाला.

"तिची? कुनाची तिची?" देशमुख लोड सोडून ताठ बसले. "बाईमान्साचा शब्द हितं कावून?"

मास्तर कोटाची गुंडी चाचपायला लागले. मला वाटलं, झालं. देशमुखांची तालुकदाराकडे ऊठबस, उद्याच मास्तरांचं बिऱ्हाड नगरच्या वाटेला लागणार. तेवढ्यात कारकुनाचा चेहरा एकदम फुलला.

"सरकार, मी सांगतो! जागा कोन? ती. ती जागा, म्हून हर. विहीर कोन? ती. म्हून हर."

"आन् खर्च? खर्च तर तो हाय."

"खर्चाला हिज लागलं आसतं. पर मास्तरांनी खर्च लिवलाच न्हाई. वेल्थ लिवलंय. वेल्थ म्हंजी दौलत. दौलत बी तीच की!"

"दौलत!" देशमुखांनी शब्द तोंडात घोळवला. "हे बेस. खर्च काय, वाण्याचा बी आसतो."

ते पुन्हा लोडाला टेकले. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच कारकून मास्तरांकडे वळला. "पर मास्तर, असंच तर मी परीक्षेत लिवलतं. राम अँड हर सिस्टर. बहीण ती, म्हून हर. मग मला नापास कावून केलतं तुमी?"

देशमुख मास्तरांकडे बघायला लागले. मी जमिनीकडे बघायला लागलो. ज्या एका चुकीशी त्या माणसानं उभा जन्म भांडण केलं, ती चूक समोर मांडी घालून जाब विचारत होती.

मास्तरांनी कागद उचलून पुन्हा नीट ठेवला. मग ते म्हणाले, "तुझं बरोबर होतं. मी चुकलो."

"तवाच कळायला पायजे व्हतं तुमाला," कारकून म्हणाला आणि आनंदानं आमच्यासाठी दूध सांगायला धावला. अहो, मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

परतताना छकड्यात मी म्हटलं, "बुवा, हे काय करून बसलात?" तर म्हणतात, "व्याकरण शुद्ध आहे. आक्काही देशमुखच की. फक्त कारण त्यानं चुकीचं सांगितलं, मी होय म्हटलं." आणि पुढे बीड येईपर्यंत कण्हत होते. आक्कांना त्यांनी काही सांगितलं नव्हतं. बाईच्या चेहऱ्यावरून देशमुखांनी ओळखलं असतं म्हणाले.

विहीर उघडायच्या दिवशी सगळा गाव लोटला. बायका एका बाजूला गाड्यांच्या आड, धनगर मेंढरं घेऊन रस्त्यापलीकडे. दगडावरचं कापड काढलं. साहेब लांबट तोंडाचा, उन्हानं लाल झालेला. त्यानं दगड वाचला. पुन्हा वाचला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"व्हेअर इज शी?" म्हणाला. ती कुठे आहे?

देशमुख हार घालून घ्यायला मान वाकवून पुढे झाले. साहेब त्यांना बाजूला सारून मागे बघायला लागला. "नो, नो. द लेडी!"

कारकुनाला राहवलं नाही. तो पुढे घुसला आणि विहिरीकडे हात करून ओरडला, "सर, वेल इज लेडी, सर!"

साहेबानं विहिरीत डोकावून पाहिलं. मग तालुकदारांकडे पाहिलं. तालुकदारांनी आमच्या मास्तरांकडे. मास्तरांचा रंग उडालेला, पण ते गाड्यांकडे गेले आणि आक्कांना घेऊन आले. आक्का पदर सावरत दगडाजवळ उभ्या राहिल्या. त्यांना काहीच कळत नव्हतं.

साहेबानं विचारलं ते मास्तरांनी मराठीत सांगितलं, "आक्का, साहेब विचारतात, विहीर कुणाची?"

आक्कांनी आधी साहेबाकडे पाहिलं, मग भावाकडे. देशमुखांनी डोळे वटारलेच होते. एवढी हाडापेराची बाई, पण सगळ्या गावादेखत तिचा आवाज बसला. "आपलीच हाय की," ती पुटपुटली.

देशमुखांनी सुस्कारा सोडला. आपली! त्या एका शब्दात कोण बसत नाही? भाऊ बसतो, घराणं बसतं, अदबीनं म्हटलं तर साहेबसुद्धा बसतो. मी मनात म्हटलं, बुडाली विहीर.

"चूक," मास्तर म्हणाले.

वर्गात म्हणावं तसं, खडसावून. तालुकदार दचकले. "सर्वनाम चुकलं, आक्का. पुन्हा सांगा. विहीर कुणाची?"

"मास्तर..." आक्का एक पाऊल मागे सरल्या.

"जागा कुणाला दिली होती? सोनं कुणाचं मोडलं? मालाकडं बघू नका, भावाकडं बघू नका. मालक कोण ते सांगा."

"माझी," आक्का म्हणाल्या.

"ऐकू आलं नाही."

"माझी हाय!" आता आवाज पार रस्त्यापलीकडे गेला. "माझ्या बापानं मला दिल्याली जागा हाय, माझं सोनं गेलंय हिच्यात, माझी हाय इहीर! आन् हितं कुनाची मोट लागनार न्हाई! मेंढरं पितील!"

तालुकदारांनी देशमुखांना विचारलं, "क्यों देशमुखसाब, सच है?" देशमुखांनी दगडाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, जमलेल्या गावाकडे पाहिलं. गावाला खरं काय ते ठाऊक होतंच. मान खाली गेली.

"व्हय," ते म्हणाले. "तिचीच हाय."

साहेब भाषांतरासाठी मास्तरांकडे वळला.

"हर्स, सर," मास्तर म्हणाले. आणि लहान पोरासारखे रडायला लागले ते, तालुकदारांच्या समोर. तोवर पलीकडे धनगरांनी मेंढरं हौदाकडे सोडली होती.